‘गुप्त’ रोग गुप्त का?



नागझिऱ्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो, गवा उभा राहतो, तळ्यावर पाण्याला आलेली चितळे उभी राहतात. १९७० साली हे रान अभयारण्य झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकाने तर ते मराठी वाचकाच्या घरात नेऊन ठेवले. या रानाच्या कडेला माणसेही राहतात, याची आठवण मात्र थोड्यांनाच होते. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी, उमरझरी ही नावे प्रवाशांना जंगलात शिरण्याची दारे म्हणून ठाऊक आहेत. आम्हाला ती गावे म्हणून ठाऊक आहेत. या वैशाखात त्या भागातल्या बायका पहाटे उठून तेंदूची पाने तोडतात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. आज बोलायचे आहे ते या माणसांच्या एका दुखण्याविषयी; आणि ते त्यांचेच आहे, आपले नाही, असे येथे बसलेल्या कोणी समजू नये.

आमचे आयुष्य विडी कामगार, हमाल आणि धानाच्या गिरण्यांतले मजूर यांच्या संघटनेत गेले. तेव्हा आम्ही मजुरी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलू, अशी चालकांची समजूत असावी. आम्ही गुप्तरोग हा विषय कळविला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. पण त्यांनी नाही म्हटले नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. हा विषय आम्हाला आमच्या कचेरीने दिला. सभा संपते, मंडळी चहा पिऊन निघून जातात आणि एखादा जण उगाच चपला शोधत मागे रेंगाळतो. सगळे गेल्यावर तो हळूच म्हणतो, ‘भाऊ, जरा खाजगी होते.’ इतक्या वर्षांत आम्ही हे वाक्य पुष्कळ वेळा ऐकले. आम्ही वैद्य नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, आणि तिथे जे उमगले नाही ते सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून. म्हणून आज सांगणार आहोत ते पंडिताचे प्रवचन नव्हे. खाजगीत पुष्कळांना सांगितले ते एकदा उघड्यावर सांगावे, एवढाच हेतू आहे.

प्रथम शब्दच घेऊ. ‘गुप्तरोग’ म्हणजे शरीराच्या झाकलेल्या भागांचा रोग, एवढाच त्याचा अर्थ. पण आपण त्याचा अर्थ ‘गुप्त ठेवण्याचा रोग’ असा करून घेतला, आणि या दुखण्यांचा निम्मा जोर त्या चुकीच्या अर्थात आहे. आपल्याकडे गरमी म्हणतात तो उपदंश. परमा म्हणतात तो पूयप्रमेह. जांघेत गाठ येते तिला बद म्हणतात. नावे जुनी आहेत, म्हणजे दुखणी जुनी आहेत. आजच्या सिनेमाने किंवा मोबाईलने ती आणलेली नाहीत. सोळाव्या शतकात भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात ‘फिरंग’ नावाचा रोग नोंदला, कारण तो फिरंग्यांच्या संगतीने आला असे लोक मानीत. गंमत अशी की, तिकडे युरोपात इटलीचे लोक त्याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत. सगळ्या जगाने हा रोग शेजाऱ्याच्या नावावर खतविला. आपल्या गावातही तेच चालते.

वस्तुतः या रोगाला देश नाही, जात नाही आणि चारित्र्यही नाही. त्याला जंतू आहे. १८७९ साली नायसर या जर्मन डॉक्टराने परम्याचा जंतू दाखविला. १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन या दोघांनी उपदंशाचा मळसूत्रासारखा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हिवतापाचा जसा जंतू, क्षयाचा जसा जंतू, तसाच हा. क्षयाच्या रोग्याला आपण ‘तू काय पाप केलेस?’ असे विचारीत नाही. थुंकी तपासून घे म्हणतो. इथेही तपासून घे, एवढेच म्हणायचे आहे. आणि हा मामला थोड्याथोडक्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या माणसांत उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार रोगांची मिळून ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. हे चारही रोग औषधाने पूर्ण बरे होतात. बरे होणारे रोग इतके पसरतात, याचे कारण औषधाचा अभाव एवढेच असू शकत नाही.

आता हे रोग पसरतात कसे, ते पाहू. मुख्य वाट स्त्रीपुरुष-संबंधाची, पुरुषापुरुषांतील संबंधाचीही. त्यात कोणत्याही प्रकारचा संबंध आला. दुसरी वाट रक्ताची: न तपासलेले रक्त, एकाची सुई दुसऱ्याला. ही वाट सगळ्याच जंतूंची नव्हे, पण एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि उपदंश यांची आहे. तिसरी वाट आईकडून बाळाकडे: काही जंतू पोटात असतानाच बाळाला गाठतात, काही बाळंतपणात, आणि एचआयव्ही अंगावरच्या दुधातूनही. या तीन वाटा नीट ध्यानात ठेवा. कारण ज्या वाटा नाहीत त्यांचीच भीती लोकांना अधिक असते. एका ताटात जेवल्याने, एका पाटावर बसल्याने, संडासातून, डासाच्या चावण्याने, हातात हात घेतल्याने एचआयव्ही किंवा परमा होत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात एड्सच्या रोग्याची ताटवाटी वेगळी केली होती, आणि त्याच घरात सगळ्या पुरुषांची दाढी मात्र एकाच पात्याने होत होती. अज्ञान असे उलटे चालते.

दुसरी एक गोष्ट आम्ही कामगार-चळवळीतली माणसे म्हणून सांगतो. हे जंतू मजुरीच्या रस्त्याने प्रवास करतात. धानाची कापणी झाली की आपल्या जिल्ह्यातला तरुण काम शोधत नागपूरला जातो, हैद्राबादला जातो, आणखी लांबही जातो. आठ-आठ महिने तो एका खोलीत दहा जणांत राहतो. बायको गावात, पोरे गावात. साकोली-देवरीवरून मुंबई-कोलकात्याचा महामार्ग जातो. त्यावरचा ट्रकचालक महिन्यातले किती दिवस घरी असतो, ते त्याच्या बायकोला विचारा. माणूस घरापासून तोडून कामाला जुंपायचा आणि मग त्याच्या वागणुकीवर प्रवचन द्यायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. ज्या बाईला पोटासाठी शरीर विकावे लागते तिलाच रोगाचे मूळ म्हणायचे, हा तर त्याहून मोठा अन्याय. कारण तिला तो रोग कोणीतरी पुरुषानेच आणून दिलेला असतो. आणि या सगळ्या रस्त्याच्या शेवटी गावात बसलेली जी बायको, तिने कोणताच रस्ता पाहिलेला नसतो. तिचा दोष एवढाच की नवरा घरी आला.

आता लक्षणे. येथे आम्ही आपले विशेष लक्ष मागतो, कारण या रोगांचा सगळा कावा लक्षणांत आहे. दुखले म्हणजे रोग आणि थांबले म्हणजे बरे, हा आपला रोजचा हिशेब इथे चालत नाही.

उपदंश पाहा. जंतू शरीरात शिरल्यावर बहुधा तीनेक आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, त्या जागी एक फोड किंवा जखम येते. ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तिच्याकडे बघत नाही. स्त्रीच्या बाबतीत ती आतल्या बाजूस असली तर तिला दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते. या अवधीत ज्याने मलम दिले, अंगारा दिला किंवा नुसती फुंकर मारली, तो धन्वंतरी ठरतो! पण रोग गेलेला नसतो. तो रक्तात उतरलेला असतो. पुढे अंगावर पुरळ उठते, पुष्कळदा तळहात-तळपायांवरही. त्याला बहुधा खाज नसते, आणि तेही आपोआप जाते. मग वर्षानुवर्षे सामसूम. उपचार झाला नाही तर काही जणांत दहा-वीस वर्षांनी तो हृदयावर, मेंदूवर, मज्जातंतूंवर घाव घालतो. दारातला चोर आवाज न करता माजघरात गेला, तर तो घराबाहेर गेला असे म्हणता येईल काय?

परमा याहून उतावळा. पुरुषाला बहुधा दोन ते सात दिवसांत लघवीला जळजळ होते, पू येतो. स्त्रीला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया तर बहुतेक स्त्रियांत मुका असतो. तो आणि परमा हळूहळू गर्भाशयात, गर्भनलिकांत चढतात. ओटीपोट दुखते, संबंधाच्या वेळी दुखते, आणि कधी नलिका बंद होऊन मूल होत नाही. मग गावात काय होते ते आपण सारे जाणता. बाईला वांझ म्हणतात, दुसरे लग्न लावतात. ज्या जंतूने नलिका बंद केल्या तो घरात कोणी आणला, हे कोणी विचारीत नाही. विचारायचे तर आधी तपासावे लागते, आणि तपासायचे तर आधी बोलावे लागते.

बायकांच्या या मुक्या दुखण्याची खरी मोजदाद कोणी केली? ती आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात झाली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एक तरी विकार होता. एकेकीला सरासरी साडेतीनाहून अधिक विकार होते, आणि त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे होते. या विकारांसाठी पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? अवघ्या ८ टक्के. ४५ टक्के स्त्रियांची तर काही तक्रारच नव्हती. जगातल्या आरोग्य-योजना तोपर्यंत खेड्यातल्या बाईकडे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे पाहत नव्हत्या. पाने तोडायला वाकणारी, चिखलात रोवणी करणारी, दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई कंबर दुखते म्हणते, ओटीपोट दुखते म्हणते, आणि आपण म्हणतो, बायकांचे असेच असते. असेच नसते.

पण येथे एक इशारा दिला पाहिजे. या संख्येतले सगळे विकार संबंधातून आलेले नव्हते. धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरे जाणे, याची कारणे अनेक. थोडा स्राव तर निरोगी स्त्रीलाही असतो. योनिमार्गातले नेहमीचे जंतू बिघडले किंवा बुरशी वाढली तरी पांढरे जाते. त्यात कोणाच्याही वागण्याचा संबंध नसतो. तेव्हा बायकोला पांढरे जाते म्हणून तिच्यावर संशय घेणारा नवरा मूर्ख आहे, आणि त्याला तसे सांगणारा शेजारी दुष्ट आहे. मात्र स्रावाला घाण वास येऊ लागला, रंग बदलला, खाज सुटली, ताप आला किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर तपासणी करवून घ्यावी. लाजू नये.

पुरुषांच्या बाबतीत याच्या उलट एक खोटा रोग आहे. ‘धातू जाते’ म्हणून कितीतरी तरुण झुरतात. झोपेत वीर्यपात होणे हा रोग नव्हे. त्याने रक्त आटत नाही, हाडे झिजत नाहीत. या भीतीला १९६० साली डॉ. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी वैद्यकशास्त्रात नावच देऊन ठेवले, इतकी ती आपल्याकडे पसरलेली आहे. खऱ्या रोगाची लाज आणि खोट्या रोगाची धास्ती, या दोन भांडवलांवर भोंदू वैद्यांचे दुकान चालते. भिंतीवर, मुतारीवर, लोहमार्गाच्या कडेला ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशी जाहिरात आपण पाहता. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुप्तरोग बरा करण्याच्या औषधाची अशी जाहिरात करणे हा गुन्हा ठरविलेला आहे. सत्तर वर्षे कायदा आहे आणि सत्तर वर्षे भिंती रंगताहेत. कारण फसलेला माणूस तक्रार करीत नाही. तक्रार करायची तर रोगाचे नाव घ्यावे लागते ना!

अशा एका फसलेल्या माणसाची हकीगत सांगतो. नाव-गाव विचारू नका. आमच्या संघटनेतला एक तरुण बाहेरगावी कामाला होता. तिथे जखम आली. कुणा सुईवाल्याने पैसे घेऊन दोन सुया टोचल्या, जखम भरली, हा गावी आला. पुढे बायकोची दोन बाळंतपणे झाली, दोन्ही मुले पोटातच मेलेली. घरात दुसऱ्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली. तिसऱ्या खेपेला गावच्या आशाताईने बाईला लवकर सरकारी दवाखान्यात नेले, तिथे रक्ततपासणीत उपदंश निघाला. डॉक्टरांनी नवऱ्यालाही बोलावले. तो येईना. आम्ही त्याला मोर्च्याला बोलावतो तसे दोनदा घरी जाऊन बोलावले, तेव्हा आला. दोघांना पेनिसिलिनच्या सुया मिळाल्या. मूल जिवंत आणि धडधाकट जन्मले; आज शाळेत जाते. पेनिसिलिन तेव्हाही फुकट होते, आधीच्या दोन मुलांच्या वेळीही फुकट होते. नव्हते ते फक्त तोंड उघडणे.

याचा अर्थ उपचार अवघड नाही. पूर्वी होता. पारा खायला घालीत, त्याने दात पडत. १९१० साली सोमलापासून केलेले औषध आले, तेही जहालच. १९४३ साली महोनी या अमेरिकन डॉक्टराने पेनिसिलिनने उपदंश बरा करून दाखविला आणि बाजी पालटली. आजही त्याच पेनिसिलिनने काम होते. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलिन २४ लाख युनिट एकदाच, जुन्या रोगात आठवड्याच्या अंतराने तीनदा; अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण काहींना पेनिसिलिन सोसत नाही. सरकारी कार्यक्रमात या रोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ उघडण्यात आली आणि लक्षणांप्रमाणे औषधांची सात रंगांची पाकिटे ठरविण्यात आली. पू किंवा गर्भाशयमुखाचा स्राव असेल तर राखाडी, योनीतून स्राव असेल तर हिरवे, जखमेला पांढरे, पेनिसिलिन न सोसणाऱ्याच्या जखमेला निळे, नागिणीसारख्या पाणीदार फोडांना लाल, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळे आणि बदेला काळे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावी अशी ही योजना. सोबत उपदंशाची व एचआयव्हीची रक्ततपासणी. गोंदियाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तिरोड्याच्या, साकोलीच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन चौकशी करा. जायला संकोच वाटत असेल तर १०९७ या फुकट क्रमांकावर आधी विचारा. तिथे कोणी नाव विचारून धरणार नाही.

औषधाचे दोन नियम मात्र मोडू नका. पहिला, औषध पुरे घ्या. दुकानातून मनाने दोन गोळ्या घेऊन बरे वाटले की सोडायच्या, याने जंतू मरत नाही, शहाणा होतो. परम्याच्या जंतूने असेच एकेक औषध निकामी करून टाकले आहे. एके काळी हमखास लागू पडणारी औषधे आज त्याच्यापुढे चालत नाहीत. दुसरा नियम, जोडीदाराचा उपचार बरोबरच करा आणि तो पुरा होईपर्यंत संबंध टाळा. नवऱ्याने गुपचूप औषध घेतले, बायकोला सांगितले नाही. तो बरा झाला, पंधरा दिवसांनी तिच्याकडून पुन्हा रोगी झाला. एकट्याने केलेला संप जसा दुसऱ्या दिवशी मोडतो, तसा एकट्याने केलेला हा उपचार मोडतो. आम्ही चळवळीत जे शिकलो ते इथे तंतोतंत लागू पडते.

काही रोगांचे जंतू अजून समूळ जात नाहीत, हेही खरे सांगितले पाहिजे. नागिणीसारखे फोड पुन्हा पुन्हा येतात, औषधाने आवरतात. एचआयव्ही हा विषाणू आपल्या देशात १९८६ साली मद्रासला प्रथम सापडला. त्या काळी एड्स म्हणजे मरण होते. आज तसे नाही. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत त्याची औषधे फुकट मिळू लागली. ती रोज नेमाने घेणारा माणूस पुरे आयुष्य जगू शकतो, काम करू शकतो. रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसा राहिला तर संबंधातून तो जोडीदाराला लागतही नाही. २०२३ च्या अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने अशा माणसाला केवळ त्या कारणासाठी कामावरून काढणे, त्याच्या संमतीवाचून तपासणी करणे, त्याची गोष्ट जाहीर करणे, यांना बंदी केली आहे. कामगार बंधूंनी हा कायदा किमान वेतनाच्या कायद्याइतकाच पाठ करावा.

गर्भाशयमुखाचा कर्करोगही बहुतांशी संबंधातून येणाऱ्या एका विषाणूमुळे होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या विषाणूवर लस आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती दिली तर उत्तम. आणि मोठ्या स्त्रियांसाठी तपासणी आहे. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच त्या विषाणूची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. खेड्यातल्या बाया तपासणीला येत नाहीत, हे म्हणणे त्यांनीच खोटे पाडले.

लाज आणि जबरदस्ती या दोन्हींनी हे रोग आवरत नाहीत, याचा दाखला इतिहासात आहे. इंग्रज सरकारने १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची नोंदणी करायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची, रोगी निघाल्यास कोंडून ठेवायचे. पुरुषाची मात्र तपासणी त्या कायद्यात नव्हती. बायका लपू लागल्या, पळू लागल्या; १८८८ साली तो कायदा रद्द करावा लागला. रोग्याला गुन्हेगार केले की रोगी लपतो, हा त्याचा धडा.

दुसरा मार्ग आपल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने दाखविला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना साध्या मराठीत उत्तरे दिल्याबद्दलचा तो खटला ते हरले आणि त्यांना दंड झाला; पण रोगाविषयी साध्या मराठीत बोलण्याचे काम आज सरकारच आपल्या खर्चाने करते.

आणि तिसरा दाखला सांगलीचा. तिथे १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने काम सुरू केले आणि १९९६ साली वेश्या व्यवसायातल्या बायकांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. निरोध वाटण्याचे, तो वापरायला लावण्याचे, आजारी बाईला दवाखान्यात नेण्याचे काम त्यांनी स्वतः हाती घेतले. एकटी बाई गिऱ्हाइकाला ‘निरोधाशिवाय नाही’ म्हणू शकत नाही. ते शेजारणीकडे जाईल. सगळ्याजणी मिळून म्हणाल्या तर त्याला ऐकावे लागते. हे आम्ही ऐकले तेव्हा म्हटले, ही तर आमचीच भाषा! निरोध हे पापाचे साधन नव्हे. गिरणीतल्या पट्ट्यावर जसे जाळीचे झाकण हवे, तसे ते संरक्षणाचे साधन आहे. नीट आणि दर वेळी वापरले तर एचआयव्ही व परमा यांना ते मोठ्या प्रमाणात अडवते. उपदंश व फोडांना थोडे कमी, कारण ते झाकलेल्या जागेबाहेरही असू शकतात.

तेव्हा, श्रोतेहो, येथून जाताना चार गोष्टी घेऊन जा. शंका आली तर दुखणे थांबण्याची वाट न पाहता तपासून घ्या. घरात गरोदर बाई असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच तिची उपदंशाची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करवा. पतीनेही सोबत जावे. मुलगा कामाला बाहेरगावी निघाला की आपण त्याला शिदोरी देतो, गाडीभाडे देतो. त्याच वेळी बापाने किंवा मोठ्या भावाने या गोष्टी त्याला स्वच्छ शब्दांत सांगाव्यात. आणि कोणी आपल्याजवळ मन मोकळे केले, तर ते दुसऱ्याजवळ उघडे करू नये. रोगाविषयी मोठ्याने बोलावे, रोग्याविषयी बोलू नये. आपण आजवर नेमके उलटे करीत आलो.

आमच्या संघटनेच्या फळ्यावर मजुरीच्या दराखाली आम्ही आता सरकारी दवाखान्याच्या वेळा आणि १०९७ हा क्रमांक लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी काहींनी तो पुसला. आम्ही पुन्हा लिहिला. आता कोणी पुसत नाही. उभे राहून वाचतात. आपल्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, देवळाच्या, वाचनालयाच्या फळ्यावर एवढी एक ओळ लिहायला परवानगी मिळावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. येथे व्यासपीठावर प्रश्न विचारायचा संकोच वाटला, तर बाहेर आंब्याखाली आम्ही थोडा वेळ थांबणार आहोत.